कडकबिजलीची तान : आख्यायिका, स्मृती आणि संगीताचा इतिहास

ग्वाल्हेर घराण्याविषयी मराठीत जे लेखन झाले आहे, त्यात हस्सूखाँ आणि हद्दूखाँ या बंधूंची एक आख्यायिका हमखास भेटते. ग्वाल्हेर दरबारी बडे महंमदखाँ गात असत. त्यांची तानबाजी दौलतराव शिंद्यांच्या मनात भरली. ती आपल्या पदरच्या या दोन तरुण गवयांच्या गळ्यात उतरावी, म्हणून त्यांना पडद्याआड बसवून काही महिने ती गायकी ऐकविण्यात आली. पुढे भर दरबारात या भावांनी तीच गायकी गाऊन दाखविली, तेव्हा महंमदखाँ संतापले. आख्यायिकेचा उत्तरार्ध अधिक भीषण आहे. एका बैठकीत महंमदखाँनी हस्सूखाँना मियाँमल्हारातील 'कडकबिजली' तान पुन्हा घ्यावयास लावली. ती घेताना बरगडीला इजा होऊन हस्सूखाँच्या तोंडातून रक्त आले. जवळ बसलेल्या आजोबांनी, मरायचेच असेल तर तान पुरी करून मर, अशा आशयाचे उद्गार काढले. तान पुरी झाली आणि हस्सूखाँ गेले.

या मजकुराचे संगीताच्या इतिहासकाराने करावयाचे काय? मराठी इतिहासलेखनाला हा प्रश्न नवा नाही. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'च्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेत (१८९८) बखरींची कठोर झडती घेतली आणि समकालीन पत्रांना अग्रमान दिला. पण संगीताच्या क्षेत्रात राजवाड्यांचा दंडक लावू म्हटले, तर हाती फारसे काही उरत नाही. दरबारी गवयाच्या नेमणुकीची नोंद दप्तरात मिळू शकते. त्याने तान कशी घेतली, याची मिळत नाही. म्हणून आपले बहुतेक संगीतचरित्रकार आख्यायिकेवर विसंबले. काहींनी ती भाबडेपणाने सांगितली, काहींनी 'असे म्हणतात' हे कवच धारण करून सांगितली. या दुसऱ्या प्रकाराला चिकित्सा समजण्याची चूक मात्र करू नये. 'असे म्हणतात' असे लिहिणारा लेखक कोण म्हणतो, केव्हापासून म्हणतो आणि का म्हणतो, हे विचारीत नाही.

प्रथम कालक्रम पाहू. दौलतराव शिंदे १८२७ मध्ये वारले. हस्सूखाँचे मृत्युवर्ष म्हणून अनेक ठिकाणी १८५९ हे साल छापलेले आढळते. दोन्ही गोष्टी खऱ्या मानल्या, तर पडद्याआडचे श्रवण आणि जीवघेणी तान यांत किमान ३२ वर्षांचे अंतर पडते. आख्यायिकेत मात्र ही दोन प्रकरणे एकाला एक लागून येतात. काही कथनांत शिंद्यांचे नावही बदलते; दौलतरावांच्या जागी जयाजीराव येतात, म्हणजे १८४३ नंतरचा काळ. आजोबांची अडचण तर याहून मोठी. १८५९ मध्ये पन्नाशीच्या घरातल्या नातवाच्या शेजारी बसून त्याला तान पुरी करावयास सांगणारे आजोबा कोणत्या वयाचे असतील? शिवाय 'नत्थन पीरबक्ष' ही एक व्यक्ती की दोन, याविषयीही परंपरेत एकवाक्यता नाही.

यावर असे म्हणता येईल की १८५९ हे सालच चुकीचे आहे आणि हस्सूखाँ तरुणपणीच गेले. परंतु मग निराळाच पेच उभा राहतो. महाराष्ट्रात ख्याल आणणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९-१९२६) हे वासुदेवबुवा जोशी यांचे शिष्य, आणि वासुदेवबुवा हे हस्सूखाँचे. बाळकृष्णबुवांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर. त्यांच्या शिष्यपरिवाराने ही विद्या भारतभर नेली. या परंपरेला वर्षानुवर्षे तालीम देणारे, प्रौढ हस्सूखाँ हवे आहेत. आख्यायिकेला ऐन तारुण्यात तानेखाली चिरडलेले हस्सूखाँ हवे आहेत. दोन्ही हस्सूखाँ एकाच तोंडून, कित्येकदा एकाच पुस्तकात सांगितले जातात आणि सांगणाऱ्याला विसंगती जाणवत नाही. माझ्या मते, या आख्यायिकेत खरे वाचण्यासारखे आहे ते हे न जाणवणेच.

स्मृती घडलेले साठवून ठेवीत नाही, ती ओळखीच्या साच्यात पुन्हा रचते, हे फ्रेडरिक बार्टलेट या केंब्रिजच्या मानसशास्त्रज्ञाने १९३२ मध्ये 'रिमेंबरिंग' या ग्रंथात प्रयोगांनिशी दाखविले. उत्तर अमेरिकेतील आदिवासींची एक कथा इंग्रज वाचकांनी पुनःपुन्हा आठवून सांगितली, तेव्हा अपरिचित तपशील गळाले आणि उरलेले त्यांच्या संस्कृतीला रुचेल असे बदलले. आपल्या आख्यायिकेत असा साचा शोधावयास लांब जावे लागत नाही. आडमार्गाने विद्या मिळविणारा शिष्य, ते उघड होताच कोपलेला विद्याधर, आणि त्याच विद्येने ऐनवेळी केलेला घात, ही कर्ण-परशुरामाची कथा आहे. बत्तीस वर्षांचे अंतर पुसले जाते ते यासाठी. अपराध आणि शासन यांच्यामध्ये संसार, शिष्य, म्हातारपण आले, तर शासन शासन राहत नाही. गाणाऱ्याला छातीचा विकार असेल आणि गाताना रक्त आले असेल, हे अशक्य नाही. पण विकाराला कथानक नसते.

इटालियन अभ्यासक आलेस्सांद्रो पोर्तेल्ली याने तेर्नी येथील कामगार लुइजी त्रास्तुल्ली याच्या मृत्यूच्या आठवणी तपासल्या. तो १९४९ मध्ये नाटोविरोधी निदर्शनांच्या वेळी पोलिसांच्या गोळीने मेला. पुष्कळ कामगारांनी मात्र तो १९५३ मधील कामगारकपातीविरुद्धच्या संघर्षात मेला असे सांगितले. पोर्तेल्लीने ही चूक दुरुस्त करून बाजूला टाकली नाही. ती कोणत्या अपमानाची भरपाई करते, हे विचारले. तोच प्रश्न येथे विचारला पाहिजे.

परंपरा सांगते की बडे महंमदखाँ शक्करखाँचे आणि नत्थन पीरबक्ष मक्खनखाँचे वंशज; दोन्ही लखनौच्या कव्वाल घराण्याच्या शाखा, आणि त्यांच्यात वैर. हे मानले, तर पडद्याआडची चोरी परक्या विद्येची उरत नाही. ती घरच्या इस्टेटीची वाटणी ठरते. सरळ मराठीत, भाऊबंदकी. खाँसाहेबांच्या घराण्यात ही कथा सांगितली जाताना वारसा कोणाचा हा मुद्दा कळीचा असणार. मराठी कथनांत मात्र शक्करखाँ-मक्खनखाँ हे तळटीपेच्या लायकीचे होतात आणि पडदा मोठा होतो. हे स्वाभाविक आहे. वासुदेवबुवा काय किंवा बाळकृष्णबुवा काय, रक्ताच्या नात्याने या विद्येचे वारस नव्हते. दुसऱ्याच्या घरची विद्या कष्टाने मिळविणे हाच त्यांच्या चरित्रांचा गाभा. घराबाहेरच्या शिष्याला विद्येवर हक्क आहे काय, आणि त्याची किंमत किती, ही त्यांची चिंता त्यांच्या परंपरेने हस्सूखाँच्या बरगडीवर लिहिली.

अल्लादियाखाँचे उदाहरण वरवर याच्या उलट वाटते. अमलेटा संस्थानात अतिगायनाने आवाज गेला आणि पुढे बदललेल्या आवाजातून नवी गायकी आली, ही हकीकत खुद्द त्यांच्या घरातून आलेली. उतारवयात नातू अझीझुद्दीनखाँ यांना त्यांनी आपल्या आठवणी सांगितल्या. त्यांचे इंग्रजी भाषांतर २००० मध्ये प्रसिद्ध झाले. येथे मधले कथनकार नाहीत. तरीही आवाज गेला हे निवेदन आणि त्यामुळे गायकी घडली हे निवेदन, यांतला 'त्यामुळे' तपासता येत नाही. खाँसाहेबांचे ध्वनिमुद्रण नाही. आधीचा आवाज नाही, नंतरचाही नाही. अब्दुल करीमखाँच्या मुद्रिका आहेत, म्हणून त्यांच्याविषयीच्या स्तुतिकथांना कानाची साक्ष निदान तीन-चार मिनिटे तरी काढता येते. भास्करबुवा बखल्यांच्या बाबतीत तेवढीही सोय नाही, आणि त्यांच्या तयारीविषयीच्या कथा आपल्याकडे उदंड आहेत. त्या संपादित करताना कथेबरोबर कथनकाराचे घराणे, त्याचा गुरू आणि सांगण्याचे साल छापण्याची पद्धत आपल्या संगीतविषयक ग्रंथांनी अद्याप स्वीकारलेली नाही.