पानं मोजणं आणि पैज लावणं

आजचा विषय ऐकून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. ब्लॅकजॅक या जुगारात पानं मोजण्याच्या पद्धती कशा घडल्या, आणि पैज ठरवायला त्यांतली चांगली कोणती? जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला याचं काय, ते शेवटी सांगतो.

सुरुवात घरातून करू. मेंढीकोट आपण सगळेच खेळलोय. चारपैकी किती दश्श्या गेल्या, हुकमाची किती पानं पडली, हे ज्याच्या लक्षात राहतं त्याला आपण हुशार म्हणतो, लबाड नाही. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवलं. निकाल न्यायमूर्ती हिदायतुल्लांचा; ते पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात, हे त्यांनी दिलेल्या कारणांपैकी एक.

फाशाचं तसं नसतं. मागचं दान काहीही पडो, पुढच्यावर परिणाम नाही. पत्त्यांचा कॅट मात्र पुन्हा पिसेपर्यंत बदलत जातो. गेलेलं पान परत येत नाही. ब्लॅकजॅकमधली सगळी मोजणी या एका गोष्टीवर उभी आहे.

खेळ साधा आहे. २१ च्या जवळ जायचं, वर गेलात की हरलात. पहिल्या दोन पानांत एक्का आणि दहाच्या किमतीचं पान आलं तर दीडपट पैसे. वाटणाऱ्याला १६ पर्यंत पान घ्यावंच लागतं. त्यामुळे कॅटमध्ये मोठी पानं जास्त उरली असतील तर तो २१ च्या वर जाण्याची शक्यता वाढते, आणि खेळणाऱ्याला दीडपटीची संधीही वाढते. लहान पानं उरली असतील तर उलट.

१९५६ साली बाल्डविन, कँटी, मेझेल आणि मॅकडर्मट या चार अमेरिकी सैनिकांनी टेबलावरच्या गणनयंत्रांवर हिशेब करून, कुठल्या हाताला काय करावं याचा तक्ता छापला. पानं मोजणं त्यात नव्हतं. ते आणलं गणिताचे प्राध्यापक एडवर्ड थॉर्प यांनी. एमआयटीच्या आयबीएम ७०४ संगणकावर त्यांनी एकेक किमतीची पानं काढून टाकली, तर काय होतं ते पाहिलं. चारही पंज्या गेल्या की खेळणाऱ्याचं पारडं सुमारे तीन टक्क्यांनी जड होतं, असं निघालं. १९६२ च्या ‘बीट द डीलर’ या पुस्तकात त्यांनी दहाच्या किमतीच्या पानांचं इतर पानांशी गुणोत्तर ठेवायला सांगितलं: कॅटच्या सुरुवातीला १६ विरुद्ध ३६. पद्धत प्रभावी, पण गोंगाटात बसून डोक्यात भागाकार करणं कठीण.

१९६३ साली हार्वी डबनर यांनी सोपी वाट काढली. तिला आज हाय-लो म्हणतात. दुर्री ते छक्की गेली की अधिक एक, सत्ती ते नव्वी शून्य, दहाची पानं आणि एक्का गेला की उणे एक. बेरजेला उरलेल्या कॅटच्या संख्येने भागायचं. एका कॅटमध्ये अधिक सहा आणि सहा कॅटमध्ये अधिक सहा, यांचा अर्थ एक नव्हे.

आता तुलना. हाय-ऑप्ट वन नावाच्या पद्धतीत एक्क्याला शून्य किंमत आहे. का? कारण एक्क्याला दोन तोंडं आहेत. पैज लावताना तो मोठं पान, दीडपट तोच मिळवून देतो. पण हातात १६ असताना पान घ्यावं का, हे ठरवताना तो एकच धरावा लागतो, म्हणजे लहान पान. पीटर ग्रिफिन यांनी १९७९ च्या पुस्तकात या दोन कामांसाठी दोन वेगळी मापं वापरली. पैजेच्या मापावर हाय-लोला सुमारे ०.९७, हाय-ऑप्ट वनला ०.८८. पान घेण्याच्या मापावर हाय-लोला ०.५१, तर हाय-ऑप्ट वनला ०.६१. अनेक कॅट असतील तर पैजेचं माप महत्त्वाचं, एकच कॅट असेल तर दुसरं. १९९८ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या नॉकआउट पद्धतीत सत्तीलाही अधिक एक देऊन भागाकारच टाळला. पैजेच्या मापावर तीही हाय-लोच्या तोडीची.

म्हणून ‘सर्वांत चांगली पद्धत कोणती’ हा प्रश्नच अपुरा आहे. कशासाठी चांगली, हे आधी सांगावं लागतं. कुठलंही माप एखाद्या निर्णयासाठी असतं.

आणि आता माझ्या एका विद्यार्थ्याची गोष्ट. हे सगळं त्याने माझ्यापेक्षा नीट शिकलं होतं. पणजीला गेला, दोन रात्री बिनचूक मोजलं, आणि वडिलांनी दिलेली सहा महिन्यांची फी हरून आला. ‘सर, माझं कुठे चुकलं?’ मोजणीत कुठेच नाही. टक्क्याभराच्या वरचढपणावर समान पैजेचे शंभर डाव खेळलात, तर अपेक्षित लाभ एका पैजेचा. आणि सहज होणारा चढउतार अकराएक पैजांचा. थॉर्प हे जाणून होते. क्लॉड शॅनन यांच्याकडून कळलेलं केली यांचं १९५६ चं सूत्र ते वापरत: वरचढपणाच्या प्रमाणात, आपल्या भांडवलाचा लहानसा अंश लावायचा. पण त्या सूत्रातलं भांडवल हरायला मोकळं असलेलं धरलंय. वडिलांनी फीसाठी दिलेले पैसे त्यात बसत नाहीत, आणि हे कुठलीही मोजणी सांगत नाही.

वनपर्वातलं नलोपाख्यान आठवा. पुष्कर म्हणाला, आता विदर्भाची दमयंती पणाला लाव. नल सगळं हरला होता, तरी गप्प उठून गेला. पुढे ऋतुपर्णाने बेहड्याची फळं न तोडता मोजून दाखवली आणि त्याला अक्षहृदय शिकवलं. ते शिकून परत आल्यावर नलाने आपण होऊन दमयंती पणाला लावली. तो जिंकला, म्हणून आपण ते वाक्य वाचून पुढे जातो.

त्या मुलाला मी हेच वाचायला दिलं. फी भरायला त्याला वर्ष लागलं. पुढच्या वेळी इथूनच पुढे जाऊ.