बॅरीनंतरचा बॅरी

घरातला म्हातारा कुत्रा गेला की काही दिवसांनी कुणीतरी पिल्लाचा विषय काढतं आणि दुसरं कुणीतरी तो तिथेच तोडतं. खर्च, वेळ, सुट्टीत गावाला जाण्याची पंचाईत ही कारणं असतातच, पण सगळ्यांत जड कारण वेगळं असतं: इतक्यात दुसरा आणला तर गेलेल्याशी बेइमानी होईल. आठवण ठेवायची तर जागा रिकामी ठेवली पाहिजे, हे त्यात गृहीत धरलेलं असतं. कुत्र्यासाठी रडणं काही आजचं नाही. रोमन काळातल्या मार्गारीटा नावाच्या कुत्रीचा संगमरवरी स्मृतिलेख ब्रिटिश म्युझियममध्ये आहे आणि ती मालक-मालकिणीच्या मांडीवर पहुडायची, हेही त्यात कोरून ठेवलेलं आहे. तेव्हा शोकाच्या खरेपणाबद्दल वाद नाही. वाद आहे तो त्या रिकाम्या जागेबद्दल, आणि त्यासाठी आल्प्समधल्या एका मठाचा दाखला पाहण्यासारखा आहे.

स्वित्झर्लंड आणि इटलीच्या सीमेलगत ग्रेट सेंट बर्नार्ड ही खिंड आहे, उंची सुमारे 2,470 मीटर. तिथे अकराव्या शतकापासून वाटसरूंसाठी मठाची धर्मशाळा आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात मठात कुत्रे आले, ते आधी राखणीला. पुढे बर्फात वाट हुडकायला आणि गाडले गेलेले प्रवासी शोधायला त्यांचा उपयोग होऊ लागला. (गळ्यातलं ब्रँडीचं पिंप ही बहुधा लँडसियर या इंग्रज चित्रकाराची कृपा. 1820 च्या त्याच्या चित्रानंतर ते कुत्र्यांच्या गळ्यात कायमचं अडकलं.) या कुत्र्यांतला सर्वांत नावाजलेला बॅरी 1800 साली जन्मला. त्याने चाळीसहून अधिक जणांना वाचवलं असं सांगतात. थकल्यावर, 1812 मध्ये, त्याला बर्नला नेलं आणि 1814 मध्ये तो तिथे वारला. शेवटच्या माणसाने लांडगा समजून त्याला भोसकलं, ही कथा अद्भुत आहे आणि खोटी आहे. बॅरी गेल्यावर मठाने त्याची जागा मोकळी ठेवली नाही. उलट मठाच्या कुत्र्यांत एकाचं नाव कायम बॅरी ठेवायचं, असा प्रघातच पडला.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. मठाला कुत्र्यांची गरज होती. हिमवादळ काही सुतक पाळून थांबत नाही. 1816 ते 1818 च्या भीषण हिवाळ्यांत बरेच कुत्रे हिमलोटांत मेले, तेव्हा मठाने खालच्या खोऱ्यांतून तशाच जातीचे कुत्रे आणून संख्या भरून काढली. ही निकड घरात कुठे असते? आक्षेप बरोबर आहे, पण अर्धाच. 1964 मध्ये खिंडीखालून बोगदा झाला, शोधकार्य हेलिकॉप्टरकडे गेलं, कुत्र्यांचं काम जवळजवळ संपलं. तरीही बॅरी हे नाव चालूच राहिलं. निकड सरली तरी प्रथा टिकली, याचा अर्थ तिच्या मुळाशी नुसती निकड नव्हती.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: जुन्याचं नाव नव्याला देणं म्हणजे जुन्याला पुसून टाकणं. आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवतात, तेव्हा आजोबांचा अपमान झाला असं कुणी म्हणत नाही. पण त्याहून बोलका पुरावा खुद्द बर्नमध्ये आहे. बॅरीचं कातडं पेंढा भरून तिथल्या निसर्गइतिहासाच्या संग्रहालयात जपलं गेलं, म्हणजे जसाच्या तसा राखण्याची शिकस्त झाली. 1923 मध्ये ते नव्याने बसवताना डोक्याचा आकार बदलला गेला, कारण मधल्या काळात सेंट बर्नार्ड ही जात बदलली होती आणि लोकांना बॅरी तसाच दिसायला हवा होता. काचेमागे ठेवलेला बॅरीही मूळचा राहिला नाही. पुढच्या बॅरींनी मात्र मूळ बॅरी असल्याचा दावा कधीच केला नाही. नव्याने जुन्यासारखं व्हावं हा हट्ट तेवढा सोडायला हवा.

उरतो तो मठाला कधीच न पडलेला प्रश्न: पिल्लाला सांभाळायला आपण पुरे पडू का? ब्रिटनच्या राणी एलिझाबेथ यांना अठराव्या वाढदिवशी मिळालेल्या सुझन या कॉर्गीपासून त्यांच्या कुत्र्यांचा वंश पिढ्यान्‌पिढ्या चालला. उतारवयात त्यांनी तो थांबवला. आपल्यामागे एखादं तरुण कुत्रं पोरकं राहू नये, हे त्याचं कारण म्हणून सांगितलं गेलं. तरी 2021 च्या सुरुवातीला, वयाच्या 94 व्या वर्षी, त्यांच्याकडे दोन पिल्लं आली. त्यातलं एक मे महिन्यात गेलं आणि जूनमध्ये तिसरं आलं. राणींच्या निधनानंतर ही कुत्री त्यांच्या मुलाकडे गेली, म्हणजे सांभाळणारं माणूस होतं. घरात पिल्लाचा विषय निघाला की आधी हे पाहावं: कोण फिरवणार, कोण दवाखान्यात नेणार, दहा-बारा वर्षं कोण निभावणार. उत्तर नसेल तर खुशाल नको म्हणावं, पण त्याचा ठपका गेलेल्या कुत्र्यावर ठेवू नये.