हिकरीची काठी का संपली?

जुन्या स्कॉटलंडमध्ये गोल्फच्या काठीला खरा खर्च येई तो हातांचा. अमेरिकेहून आलेले हिकरीचे लाकूड कारागीर पारखून घेई, तासून त्याचा दांडा करी, मुठीवर चामडे गुंडाळी. तरी दोन दांडे अगदी सारखे निघत नसत. ओल लागली की वाकत, कधी मोडत. पोलादी नळी मात्र कारखान्यातून एकसारखी निघे. अमेरिकेपाठोपाठ १९२९ मध्ये सेंट अँड्र्यूजच्या ‘रॉयल अँड एन्शंट’ क्लबनेही तिला मान्यता दिली. पुढच्याच वर्षी बॉबी जोन्सने चारही मोठ्या स्पर्धा जिंकल्या, त्या हिकरीच्याच काठ्यांनी! खेळात लाकूड अजून कमी पडले नव्हते. कारखान्याच्या हिशेबात ते बसेना, आणि त्यासोबत दांडा तासणाऱ्यांचा धंदाही बसला.