पहिल्या नेमणुकीचा प्रश्न : आरंभीच्या भारतीय डॉक्टरांच्या सेवाशर्ती

प्रस्तावना :
वैद्यकीय पदवी हाती पडताच नव्या डॉक्टरपुढे नेमणुकीचा प्रश्न उभा राहतो. वेतन किती, वरिष्ठ कोण, बदली कोठे होईल, खाजगी व्यवसायास मुभा आहे काय, या बाबी त्याला तोलून पाहाव्या लागतात. पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्या पहिल्या भारतीय पिढ्यांनाही हेच करावे लागले. त्यांच्या निवडींचा विचार करता, वेतनाच्या आकड्याइतकेच महत्त्व त्या पदाबरोबर येणाऱ्या अधिकाराला व स्वातंत्र्याला होते, असे स्पष्ट होते.

सरकारी सेवा आणि स्वतंत्र व्यवसाय :
मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झाले व त्याची पहिली तुकडी १८५१ मध्ये बाहेर पडली. या पदवीधरांना सरकारी सेवेत सब-असिस्टंट सर्जन हे पद खुले होते. उत्पन्नाची शाश्वती हा त्याचा मोठा गुण. युरोपीय सर्जनच्या हाताखाली राहणे ही त्याची मर्यादा. वरिष्ठ वैद्यकीय सेवेची स्पर्धा परीक्षा १८५५ पासून भारतीयांना देता येऊ लागली. परंतु ती लंडनमध्ये होत असल्याने सामान्य कुटुंबातील तरुणाला ती जवळजवळ अप्राप्यच होती.

पहिल्या तुकडीतील डॉ. भाऊ दाजी लाड यांनी मुंबईत स्वतंत्र व्यवसाय पत्करला. त्यात निश्चित मासिक वेतन नव्हते, तसेच सेवानियमांचे बंधनही नव्हते. १८५२ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनने कंपनीच्या कारभाराविषयी ब्रिटिश पार्लमेंटकडे अर्ज केला. या संस्थेचे चिटणीसपद भाऊ दाजींनी सांभाळले. सरकारी नोकरीत राहून असे काम करणे अवघड होते. गरिबांना मोफत औषधोपचार आणि प्राच्यविद्येचे संशोधन यांसाठीही त्यांना याच स्वातंत्र्याचा उपयोग झाला.

स्त्री-डॉक्टरांपुढील पर्याय :
इंडियन मेडिकल सर्व्हिसची दारे स्त्रियांना बंद होती. त्यामुळे १८८५ मध्ये स्थापन झालेल्या डफरिन फंडाची रुग्णालये, संस्थानांची रुग्णालये आणि खाजगी व्यवसाय हेच मुख्य मार्ग उरत. डॉ. आनंदीबाई जोशी यांना मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फिया येथे पदवी मिळाली. त्याच वर्षी कोल्हापूर दरबाराने त्यांना आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागाचे प्रमुखपद देऊ केले. छत्रपती शाहू महाराज तेव्हा अल्पवयीन होते. आनंदीबाईंनी ही नेमणूक स्वीकारली. नुकत्याच पदवीधर झालेल्या हिंदू स्त्रीकडे रुग्णालयाचा एक विभाग सोपविला जावा, ही त्या काळी असाधारण गोष्ट होती. दुर्दैवाने पदभार घेण्यापूर्वीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले.

वेतन आणि दर्जा या दोन गोष्टी एकत्र येतातच असे नाही, हे डॉ. कादंबिनी गांगुली यांच्या अनुभवावरून दिसते. १८८८ मध्ये कलकत्त्याच्या लेडी डफरिन रुग्णालयात त्यांना दरमहा ३०० रुपयांवर नेमण्यात आले. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. तथापि एम. बी. पदवी नसल्याने त्यांच्या योग्यतेविषयी शंका घेतल्या जात. अखेर १८९३ मध्ये ब्रिटनला जाऊन त्यांनी तेथील वैद्यकीय अर्हता मिळविल्या.

डॉ. रखमाबाईंची निवड याहून वेगळी ठरली. १८९४ मध्ये लंडन येथील शिक्षण पूर्ण करून त्या परतल्या व सुरतेच्या स्त्री-रुग्णालयात रुजू झाल्या. १९१४ मध्ये स्त्री-डॉक्टरांसाठी विमेन्स मेडिकल सर्व्हिस निर्माण झाली. १९१८ मध्ये या सेवेत येण्याचे निमंत्रण त्यांनी नाकारले आणि राजकोट संस्थानातील जनाना रुग्णालयाचे प्रमुखपद पत्करले. अखिल भारतीय सेवेच्या प्रतिष्ठेपेक्षा एका रुग्णालयाची संपूर्ण जबाबदारी त्यांनी मोलाची मानली, असा या निर्णयाचा अर्थ लावता येतो.

निष्कर्ष :
या चौघांच्या निवडी भिन्न असल्या, तरी त्यांतून एक सूत्र हाती लागते. शाश्वत वेतन हवे तर परतंत्रता येई; स्वातंत्र्य हवे तर उत्पन्नाची अनिश्चितता सोसावी लागे. संस्थानी रुग्णालयांत या दोहोंचा काही अंशी मेळ बसे; म्हणूनच स्त्री-डॉक्टरांच्या दृष्टीने त्यांचे महत्त्व अधिक होते. भारतीय वैद्यकाचा इतिहास बहुधा महाविद्यालये, रुग्णालये व साथी यांच्या अंगाने लिहिला जातो. नेमणुकीची पत्रे आणि सेवाशर्ती यांकडेही अभ्यासकांनी लक्ष दिल्यास, डॉक्टर घडल्यानंतर त्याला कोणत्या अधिकाराने काम करू दिले गेले, या मूलभूत प्रश्नाचे उत्तर अधिक नेमकेपणाने मिळू शकेल.