मंगळवार पेठ : आठवणीतली आणि आठवणीबाहेरची

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत बालपण गेलेला माणूस पेठेविषयी बोलू लागला की त्याला आवरणे कठीण. आम्ही भावंडेही याला अपवाद नाही. १९६०च्या दशकातले आमचे घर म्हणजे रस्त्याला लागून सोपा, आत माजघर व स्वयंपाकघर, आणि मागे परडे. आबा, आजी, दोन काकांची कुटुंबे आणि आम्ही असा सारा गोतावळा त्यात मावत असे. पहाटे परड्यातला बंब धुमसू लागे. लाल मातीने माखलेली पोरे तालमीतून परतत. पाटाकडील तालमीचा संघ शिवाजी पेठेच्या संघाशी फुटबॉल खेळणार असला, की त्या दिवशी अभ्यासाचे नाव कोणी काढत नसे.

राजर्षी शाहू छत्रपती १९०२ साली युरोपला गेले होते. रोमचे प्राचीन क्रीडागार पाहून त्यांच्या मनात जी कल्पना रुजली, ती खासबाग मैदानाच्या रूपाने १९१२ साली साकार झाली. चहूबाजूंनी चढत गेलेल्या बैठकीमुळे सर्वांत मागे बसलेल्यालाही कुस्ती दिसे. मैदानाला पाठ लावून १९१५ साली पॅलेस थिएटर उभे राहिले. पुढे त्याला संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव मिळाले. एकाच भिंतीच्या अलीकडे शड्डू आणि पलीकडे नांदी, असा शेजार दुसरीकडे क्वचितच आढळेल. आम्हा मुलांना काका कुस्तीला नेत, मुलींना मात्र नेत नसत. ही तक्रार आमच्या धाकट्या बहिणीने अजून सोडलेली नाही.

पण आमचे खरे आकर्षण जयप्रभा स्टुडिओचे होते. कोल्हापूर सिनेटोनचा हा स्टुडिओ पुढे भालजी पेंढारकरांकडे आला होता. 'मोहित्यांची मंजुळा' (१९६३), 'मराठा तितुका मेळवावा' (१९६४) हे भालजींचे चित्रपट त्या काळातले. फाटकाशी ताटकळत उभे राहावे, आणि दाढीमिशा लावलेला एखादा मावळा चहा प्यायला बाहेर आला की धन्य व्हावे! घरी येऊन आम्ही सोप्यात लाटण्यांनी लढाया करीत असू.

एका रात्री जेवताना थोरल्या भावाने विचारले, "आबा, आपला स्टुडिओ एकदा जळाला होता म्हणे?" आबांचा हात ताटातच थांबला. आजी म्हणाली, "जेवताना असलं काढू नगा." विषय तेथेच संपला. त्यानंतर कित्येक वर्षे तो निघाला नाही.

शाळेच्या पुस्तकातून न कळलेला इतिहास आम्हांला पुढे वाचून कळला. ३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींची हत्या झाली. मारेकरी ब्राह्मण असल्याचे कळताच दक्षिण महाराष्ट्रात जमावांनी ब्राह्मणांच्या घरांवर हल्ले केले. कोल्हापूर तेव्हा अजून संस्थान होते. मुंबई प्रांतात ते विलीन झाले ते १९४९ साली. त्या जाळपोळीत जयप्रभाही जळाला. भालजींनी कर्ज काढून तो पुन्हा उभारला. ज्या फाटकाशी आम्ही ताटकळत होतो, ते या दुसऱ्या जन्मातल्या स्टुडिओचे.

आमच्या घरात पाणी पिण्याचा एक पितळी तांब्या होता. त्याच्या काठाखाली कोरलेले आडनाव आमचे नव्हते. लहानपणी विचारले तर आजी एवढेच म्हणे, "शेजाऱ्यांचा हाय. ठेवायला दिलाय." आबांनी खरी हकीकत सांगितली ती अगदी शेवटच्या आजारपणात. शेजारचे कुटुंब त्या रात्री मागच्या परड्यातून निघून गेले. जाताना भांड्यांचे एक गाठोडे त्यांनी आजीच्या हाती दिले. बाकीची भांडी पुढे त्यांचा नातेवाईक येऊन घेऊन गेला. हा तांब्या कसा कोण जाणे, मागे राहिला. "आणि तुम्ही?" असे आम्ही विचारले. आबा म्हणाले, "आम्ही सोप्याच्या दारात उभं होतो." क्षणभराने पुन्हा म्हणाले, "नुसतं उभं होतो." जमावातले चेहरे त्यांना ओळखता आले होते. त्यांतले काही आमच्याच सोप्यात बसून पान खाणारे होते, ही गोष्ट त्यांना अखेरपर्यंत सलत होती.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह आगीत भस्मसात झाले. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. जाणत्या कलावंतांना रस्त्यात उभे राहून रडताना लोकांनी पाहिले. त्याआधी २०२२ साली जयप्रभाची जागा विकली गेल्याचे उघड झाले, तेव्हाही शहर आंदोलनाला उतरले होते. या दोन्ही वेळी आम्हांलाही मनापासून दुःख झाले, हे खोटे नाही. पण १९४८ साली पेठ अशी रडली होती का, हे विचारायला आता घरात कोणी वडीलधारे उरलेले नाही.

नाट्यगृह जळाल्यावर काही दिवसांनी आम्ही भावंडे धाकट्या बहिणीच्या घरी जमलो. कुस्त्या, रस्सा, लाटण्यांच्या लढाया, सारे पुन्हा बोलून झाले. मग तिने कपाटातून तो तांब्या काढला. दरवर्षी चिंचेने घासून घासून अक्षरे झिजली आहेत. डोळ्यांना ती आता नीट लागत नाहीत. बोट फिरवले की आडनाव कळते. पुण्यात त्या आडनावाची माणसे शोधावीत, असे थोरल्याने सुचवले. बहीण म्हणाली, "सापडली तर काय सांगायचं, ते आधी ठरवू या." ते आमचे अजून ठरलेले नाही.