एकोणसाठ मजल्यांवरची गच्ची

तुमची टॅक्सी गेली वीस मिनिटं एकाच टोप्यांच्या दुकानासमोर उभी आहे. खिडकीतली राखाडी फेल्ट हॅट आता तुम्हाला पाठ झाली आहे. हे न्यूयॉर्क आहे, जानेवारी १९६६ चा पहिला पंधरवडा. एक तारखेच्या पहाटेपासून भुयारी गाड्या आणि बस बंद आहेत. त्याच दिवशी जॉन लिंडसे महापौर झाले आणि खुर्चीत बसता बसताच कामगारांचा संप पुढ्यात आला. ज्याच्याकडे गाडी आहे त्याने ती रस्त्यावर काढली आहे. मीटर मात्र चालतो आहे.

तुम्ही पैसे चुकते करता, बॅग उचलता आणि चालत ग्रँड सेंट्रल स्टेशनात शिरता. विमान गाठायचं तर रेल्वे स्टेशनात कशाला, असं टॅक्सीवाल्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतं. पण स्टेशनातून सरकत्या जिन्याने वर गेलं की तुम्ही थेट पॅन अ‍ॅमच्या इमारतीत येता. एकोणसाठ मजल्यांचा हा ठोकळा रुळांच्या डोक्यावरच उभा आहे. वॉल्टर ग्रोपियससारख्या नामांकित वास्तुकाराचा त्यात हात आहे, तरी पार्क अ‍ॅव्हेन्यूचं आभाळ अडवल्याचा राग लोकांच्या मनातून गेलेला नाही. लिफ्टमध्ये कानात दडे बसतात.

ख्रिसमसच्या तोंडावर इथल्या गच्चीवर हेलिपोर्ट सुरू झाला. दार उघडताच वारा अंगावर धावून येतो. टोपी हातात घ्या. ती राखाडी हॅट घेतली नाहीत ते बरंच झालं.

आधी येतो आवाज, तोही कानांपेक्षा छातीत जास्त. मग बोइंग व्हर्टॉल १०७ हेलिकॉप्टर दिसतं : पुढे एक पंखा, मागे एक पंखा, मधे बसगाडीसारखं लांबट धड. त्यात पंचवीस माणसं बसतात. टर्बाइन इंजिनं दोन आहेत, आणि शहराच्या मधोमध गच्चीवर उतरायचं तर दुसऱ्या इंजिनाचा आधार हवाच. याच घराण्यातलं लष्करी भावंड येत्या मार्चमध्ये व्हिएतनामला पोचणार आहे. तुम्हाला ते ठाऊक आहे, शेजारी ब्रीफकेस धरून उभ्या असलेल्या गृहस्थांना नाही.

बाराएक वर्षांपूर्वी आला असतात तर थाट वेगळा होता. टपालाच्या थैल्या तक्रार करत नाहीत, म्हणून ही सेवा चालवणाऱ्या न्यूयॉर्क एअरवेजने १९५२ मध्ये आधी त्याच वाहिल्या. माणसांची पाळी जुलै १९५३ मध्ये आली. तेव्हाच्या सिकोर्स्की एस-५५ चं इंजिन नाकात, प्रवासी पोटात आणि वैमानिक माडीवर! तिकडे ब्रिटनमध्ये लिव्हरपूल ते कार्डिफ अशी प्रवासी सेवा १९५० मध्येच सुरू झाली होती, पण ती वर्षभरही टिकली नाही. न्यूयॉर्कची टिकली, त्याचं एक कारण सरकारी अनुदान. गेल्या वर्षी तेही थांबलं. आता हा संसार बड्या विमान कंपन्यांच्या टेकूवर उभा आहे. तिकिटाच्या पैशात एवढी यंत्रं पोसणं कुणालाच जमलेलं नाही.

तुम्ही पायऱ्या चढता. आज पुढे कोण बसलंय ते इथून दिसत नाही. कदाचित पेरी यंग असतील. महायुद्धाच्या काळात टस्कीगीत इतरांना उडायला शिकवणाऱ्या या कृष्णवर्णीय वैमानिकाला अमेरिकेतल्या विमान कंपन्या दारात उभं करत नव्हत्या. १९५६ च्या अखेरीस त्यांना नोकरी दिली ती या हेलिकॉप्टर कंपनीने.

बसण्याआधी तुमची नजर नकळत खाली, चाकांकडे जाते. १६ मे १९७७ ला याच गच्चीवर दुसऱ्या एका हेलिकॉप्टरच्या चाकाचा पाय मोडेल. पंखे फिरतच असतील. वर चढायला निघालेल्या चौघांचा जीव जाईल आणि तुटलेल्या पात्याचा तुकडा खाली रस्त्यावर चालणाऱ्या एका बाईचा जीव घेईल. त्याच दिवशी ही गच्ची कायमची बंद होईल. तुम्ही ब्रीफकेसवाल्या गृहस्थांकडे पाहता. काय सांगणार? त्यांना अकरा वर्षं अवकाश आहे.

जमीन सुटते तेव्हा नव्हे, गच्ची सुटते तेव्हा पोटात खड्डा पडतो, कारण खाली एकदम अडीचशे मीटर खोल रस्ता. मग ईस्ट नदी, पुलावर मुंग्यांसारख्या अडकलेल्या मोटारी, क्वीन्समधली कबरींची दाट रांग. डावीकडे लांबवर जागतिक मेळ्याचा पोलादी पृथ्वीगोल. मेळा ऑक्टोबरातच उठला. खाली राहणाऱ्यांना हा आवाज रोज ऐकावा लागतो आणि ते चिडलेले आहेत. तुम्हाला मात्र वरून कुणाची खिडकी थरथरताना दिसत नाही.

दहाएक मिनिटांत केनेडी विमानतळ. तुम्ही उतरता. विमानाला अजून पुष्कळ वेळ आहे. कॉफी घेऊन काचेपाशी बसता. हेलिकॉप्टर नवे प्रवासी घेऊन पुन्हा गच्चीकडे निघतं.

आणि तुमची ती टॅक्सी? टोप्यांचं दुकान तरी तिने ओलांडलं असेल का, कोण जाणे.