बाप आणि ब्रह्मचारी : चित्रपटांच्या शीर्षकांतील एक विसंगती

जाफराबादसारख्या तालुक्याच्या गावी चित्रपट पडद्यावर येण्यापूर्वी भित्तिपत्रकावर येत असे, आणि त्यावरील नावावरूनच प्रेक्षक आपली अपेक्षा बांधीत असे. अविवाहित पुरुषाच्या घरी अकस्मात मूल येते, या कथाबीजाचा विचार म्हणूनच शीर्षकांपासून करणे अप्रस्तुत ठरणार नाही.

पाश्चात्त्य शीर्षके वस्तुस्थिती नोंदवून थांबतात. चार्ली चॅप्लिनच्या १९२१ च्या मूकपटाचे नाव नुसते 'द किड', म्हणजे 'पोर'. कोलीन सेरो या दिग्दर्शिकेचा १९८५ चा फ्रेंच चित्रपट तीन पुरुष मोजतो आणि शेजारी बाळाची टोपली ठेवतो. त्यावरून लिओनार्ड निमॉय यांनी १९८७ मध्ये केलेला 'थ्री मेन अँड अ बेबी' हीच मोजणी पुढे चालवितो. तेथील हास्य प्रामुख्याने दुपटे बांधता न येणाऱ्या हातांचे आहे. पुरुषांचे लग्न झाले आहे की नाही, याची शीर्षकास फिकीर नाही.

आपल्याकडे नेमकी तीच फिकीर आहे. 'ब्रह्मचारी' हा शब्द मराठी प्रेक्षकास १९३८ मध्येच विनोदविषय म्हणून परिचित झाला. आचार्य अत्रे यांनी लिहिलेल्या व मास्टर विनायक यांनी दिग्दर्शित केलेल्या हंस पिक्चर्सच्या त्या बोलपटात औदुंबर ब्रह्मचर्याचे व्रत घेतो आणि व्रताची फजिती होते. मूल तेथे नाही. तीस वर्षांनी, १९६८ मध्ये, भप्पी सोनी यांच्या त्याच नावाच्या हिंदी चित्रपटात शम्मी कपूर घरभर अनाथ मुले सांभाळतो. १९७४ च्या 'कुंवारा बाप'मध्ये मेहमूदचा रिक्षावाला टाकलेले मूल वाढवितो. त्या मुलास पोलिओ होतो आणि हसणे पाहता पाहता घशात अडकते. १९८९ मध्ये गिरीश घाणेकर यांनी अशोक सराफ व लक्ष्मीकांत बेर्डे यांना घेऊन केलेल्या मराठी चित्रपटाचे नाव तर सारी विसंगती एका दमात सांगते : 'बाळाचे बाप ब्रह्मचारी'.

ही विसंगती कायद्याने निर्माण केलेली नव्हती. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने सज्ञान व सुबुद्ध हिंदू पुरुषास, तो अविवाहित असला तरी, मूल दत्तक घेण्याची मोकळीक दिली होती. मुलगी घ्यावयाची तर दोघांच्या वयांत किमान २१ वर्षांचे अंतर हवे, अशी अट घातली होती. जे विधिमान्य होते ते लोकांस हास्यास्पद वाटत राहिले, कारण शेजारपाजारचा प्रश्न निराळाच : या मुलाची आई कोण?

चित्रपटांनाही हा प्रश्न सुटत नाही, आणि येथे पूर्व-पश्चिम भेद मावळतो. चॅप्लिनच्या पोराची आई श्रीमंत होऊन परतते. निमॉय यांच्या चित्रपटातील आई तिघांच्याच घरात राहावयास येते. साजिद खान यांच्या २००७ च्या 'हे बेबी'त तिघांपैकी एक जण बाळाचा खरा पिता ठरतो व आईशी विवाह करतो. उरलेले दोघे, ज्यांनी रात्री तितक्याच जागविल्या होत्या, काका होऊन बाजूस सरतात.